‘वी टू टुगेदर’ : मजकुराला साडेचार तारे, बांधणीला एक

आधी पैशाचं बोलू. जेम्स आणि मार्गारेट कझिन्स या आयरिश नवराबायकोचं हे जोडआत्मचरित्र मद्रासच्या गणेश अँड कंपनीनं १९५० साली काढलं. ती मूळ प्रत जुन्या पुस्तकवाल्यांकडे क्वचित दिसते, आणि दिसली तरी किंमत विचारायची सोय नसते. ऑनलाइन मिळतात त्या प्रती म्हणजे कुठल्याशा ग्रंथालयातलं पुस्तक स्कॅन करून, ऑर्डर आली की एकेक छापून पाठवलेल्या. मी घेतली तीही तसलीच, हजाराच्या वर पैसे मोजून. छापणाऱ्याचं नाव देत नाही. या धंद्यातलं दुसरं नाव निवडलं असतं तरी घरात हेच आलं असतं, अशी माझी खात्री आहे.

मुखपृष्ठावर सूर्यास्त आहे. तो आयर्लंडचा नाही, हिंदुस्थानचाही नाही. याच मंडळींनी काढलेल्या घोड्यांच्या औषधोपचारावरच्या एका पुस्तकावर मी तोच सूर्यास्त पाहिला. आत नवी प्रस्तावना नाही, टिपा नाहीत, हे दोघं कोण याची दोन ओळींची ओळखसुद्धा नाही. कागद दिव्याखाली डोळ्यांवर येईल इतका पांढरा. मधूनच एखादं पान तिरकं. कुणा जुन्या वाचकाच्या पेन्सिलीच्या रेघा मजकुराबरोबर छापल्या गेल्यात, आणि एका पानाच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचं बोट आहे, नखासकट. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण आतल्या बाजूचा समास इतका कमी ठेवलाय की ओळींची टोकं पाठीच्या फटीत जातात, आणि ती दिसावीत म्हणून पुस्तक दाबून उघडलं की डिंक तडकतो. जवळजवळ आठशे पानं नुसत्या डिंकावर उभी करायची म्हणजे काय!

आमच्या गडहिंग्लजच्या बाइंडरनं पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “बाई, ह्याला शिलाई बसत न्हाई. सुटी पानं हैत ही. फर्मं असती तर शिवून दिलं असतं.” फर्मं म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुड्या. बाजूनं टोचून शिवावं तर उरलासुरला समासही गेला असता. शेवटी त्यानं पुस्तकाचे मधोमध दोन भाग केले, पाठीला कापड लावलं आणि नव्यानं डिंक भरला. जन्मभर बरोबर राहिलेल्या जोडप्याचं आत्मचरित्र आता माझ्या कपाटात दोन खंडांत आहे. पण उघडतं तरी.

तरीही घ्यावं का? घ्यावं. कशासाठी, ते सांगते.

माझी सगळी नोकरी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवण्यात गेली. आयर्लंडचा कवी यीट्स शिकवला, तिथल्याच कादंबरीकार जॉइसबद्दल वर्गात चार वाक्यं बोलले. पण जेम्स कझिन्स हे नाव मला इंग्रजीतून कधी भेटलं नाही, ते आलं कन्नडकडून. आमच्या स्टाफरूममध्ये निपाणीकडचे एक गणिताचे सर होते. कन्नड शाळेत शिकलेले, कन्नड कवी कुवेंपूंचे निस्सीम भक्त. इंग्रजीच्या शिक्षकांना टोचायचं झालं की ते ही गोष्ट काढायचे.

साल १९२४, गाव म्हैसूर. के. व्ही. पुट्टप्पा नावाचा, अजून विशी न ओलांडलेला एक विद्यार्थी. इंग्रजीत कविता करायचा आणि चांगल्या करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची छोटी इंग्रजी पुस्तिकाही निघाली होती. गावात एक आयरिश कवी आलाय म्हटल्यावर पोरगा आपल्या कविता घेऊन त्याला भेटायला गेला. पाहुण्यानं कविता चाळल्या आणि विचारलं, तुझ्या स्वतःच्या भाषेत काही लिहिलंयस का? कन्नडात का लिहीत नाहीस? पोराची अपेक्षा अर्थातच वेगळी होती. पण तो पुढं कन्नडात लिहायला लागला, कुवेंपू झाला, ‘श्रीरामायण दर्शनम्’ लिहिलं, आणि १९६७चं ज्ञानपीठ, कन्नडला मिळालेलं पहिलंच, त्याच्याकडे आलं. तो आयरिश पाहुणा म्हणजे जेम्स कझिन्स.

गोष्ट सांगून झाली की सर चष्मा पुसत म्हणायचे, “बघा बाई, इंग्रजीचा मास्तर असावा तर असा.” मला राग यायचा, आणि पटायचंही. विद्यार्थ्यानं कवितेची वही पुढं केली की आमच्यासारख्यांचा हात आधी लाल पेनाकडे जातो. आर्टिकल चुकलं, प्रिपोझिशन चुकलं. या माणसानं चुका मोजल्या नाहीत, समोरचा मुलगा कुठल्या मातीत उभा आहे ते पाहिलं. आणि हे सांगत कोण होतं? ज्यानं स्वतः आयरिश पुराणकथांवर आयुष्यभर इंग्रजीत लिहिलं तो. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. बेलफास्टच्या मेथडिस्ट घरातल्या मुलाची घरची भाषा इंग्रजीच होती. पण ज्या डब्लिनमध्ये तो कवी म्हणून वाढला, तिथं कवीची भाषा कुठली, आयरिश की इंग्रजी, यावर रोज खडाजंगी चालायची. तो प्रश्न त्यानं म्हैसुरात एका मुलापुढं ठेवला.

हे पुस्तक मी घेतलं ते या माणसाला समजून घ्यायला. दोघं आळीपाळीनं लिहितात. एक भाग त्याचा, पुढचा तिचा, आणि बऱ्याचदा दोघं एकाच काळाबद्दल आपापलं सांगतात. ग्रेटाचा, म्हणजे मार्गारेटचा, गद्याचा हात मला नवऱ्यापेक्षा मोकळा वाटला. तो वाक्याला कोट-टाय घालून बाहेर काढतो.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. जन्म १८७३, बेलफास्ट. घरची परिस्थिती बेताची, शाळा लवकर सुटली, मग कारकुनी. लघुलेखन शिकला आणि बेलफास्टचे महापौर डॅनियल डिक्सन यांचा खासगी सचिव झाला. साहेबांची भाषणं हा लिहायचा. १८९७मध्ये डब्लिनला आला तोही कारकून म्हणूनच, जहाजं आणि कोळशाच्या कंपनीत. पण ते डब्लिन काय होतं! आयरिश नाटक तिथं नुकतं उभं राहत होतं. फे बंधूंच्या हौशी नाटकमंडळीत हा शिरला, आणि १९०२मध्ये तिथं त्याची दोन नाटकं झाली. त्यातलं ‘द रेसिंग लग’ कोळ्यांच्या वस्तीतलं आणि समुद्रानं माणसं गिळण्याचं. दोनच वर्षांत नाटककार सिंजची त्याच जातीची शोकांतिका रंगमंचावर आली आणि कझिन्सची होडी कायमची झाकली गेली. त्यानं एक विनोदी नाटकही लिहिलं होतं, ते करायला यीट्सनं विरोध केला. यीट्सचं त्याच्याबद्दलचं मत शेवटपर्यंत फारसं सुधारलं नाही. नशिबाचा भाग असा की १९०५पासून कझिन्स ज्या हार्कोर्ट स्ट्रीटवरच्या हायस्कुलात शिकवायला लागला, ती यीट्सचीच शाळा. मोठा कवी जिथं विद्यार्थी होता तिथं लहान कवी मास्तर झाला.

जॉइसचा किस्सा तर सांगायलाच हवा. १९०४मध्ये तरुण जॉइसला राहायला जागा नव्हती, तेव्हा काही दिवस तो या नवपरिणित जोडप्याकडे राहिला. दोघं कट्टर शाकाहारी. नुसती शाकाहारी नव्हेत, शाकाहाराच्या सोसायटीतली. पाहुण्याला ते जेवण मानवलं नाही, आणि फार दिवस तो टिकला नाही. पुढं जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीतलं स्टीफन हे पात्र आपली देणी मनातल्या मनात मोजतो त्या यादीत ‘कझिन्स, दहा शिलिंग’ अशी नोंद आहे. १९१२च्या एका उपहासकवितेत तर जॉइसनं कझिन्सच्या कवितांवर असा शेरा मारलाय की तो मी इथं लिहिणार नाही. जागतिक साहित्यात माणसाचं नाव अमर झालं ते सावकार म्हणून, तेही दहा शिलिंगांचा.

आता कवितांबद्दल. त्या वाचल्याशिवाय बोलू नये म्हणून नेटवर मिळाल्या तेवढ्या वाचल्या. वृत्त निर्दोष. यमक कुठं अडखळत नाही. पहाट, ज्योत, तारे, आत्मा, आणि या सगळ्यांना मोठी अक्षरं. १९१२च्या ‘एटेन द बिलव्हेड’मध्ये आयरिश दंतकथेतली राणी आहे आणि काही ठिकाणी खरंच सुंदर ओळी आहेत, पण एक संपेपर्यंत पुढची तशीच येते आणि मग पहिली आठवत नाही. यीट्सही याच संधिप्रकाशात सुरू झाला होता, पण तो त्यातून बाहेर पडला, भाषा खरवडून काढली. कझिन्स बाहेर पडलाच नाही. मर्ढेकर येऊन गेल्यावरही आपल्याकडे जी मंडळी चांदण्यातच बसून राहिली, त्यांच्या पंगतीतला हा. हिंदुस्थानात आल्यावर फक्त एटेनच्या जागी मीराबाई आली, आयरिश डोंगरांच्या जागी हिमालय. नाद तोच. कवी म्हणून मी याला पाचापैकी दोनच्या वर नेऊ शकत नाही. जॉइसचा शेरा असभ्य होता, पण अगदीच निराधार नव्हता, एवढं कबूल करायला हवं.

म्हणून तर हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं. मध्यम कुवतीच्या कवीनं आयुष्याचं काय करावं, याचा इतका सविस्तर जमाखर्च मी दुसरीकडे वाचलेला नाही. कडवटपणा नाही. यीट्सवर डूख धरलेला नाही. आपल्याहून चांगलं लिहिणारा दिसला की हा माणूस उठून त्याच्यासाठी खुर्ची ओढतो.

ग्रेटाकडे वळू, कारण निम्मं पुस्तक तिचं आहे. रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावची मुलगी, डब्लिनमध्ये संगीताची पदवी घेतलेली. लग्न १९०३चं. १९०८मध्ये हॅना शीही-स्केफिंग्टनबरोबर तिनं बायकांच्या मताधिकारासाठी संघटना काढली. १९१०मध्ये लंडनला पंतप्रधानांच्या घराच्या काचा फोडून हॉलोवेच्या तुरुंगात गेली, १९१३मध्ये डब्लिन किल्ल्याच्या काचा फोडून टलामोरच्या. नवरा काय करत होता? हॅनाच्या नवऱ्याबरोबर, फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टनबरोबर, ‘आयरिश सिटिझन’ हे मताधिकाराचं साप्ताहिक चालवत होता. बायको तुरुंगात आणि नवरा तिच्या मागणीसाठी अग्रलेख लिहितोय, हे चित्र त्या काळात आपल्याकडेच काय, तिकडेही दुर्मीळ होतं.

१९१३मध्ये दोघांनी आयर्लंड सोडलं. आधी लिव्हरपूल, तिथं शाकाहारी पदार्थांच्या कारखान्यात नोकरी. मग १९१५मध्ये ॲनी बेझंट यांच्या बोलावण्यावरून मद्रास, ‘न्यू इंडिया’ या दैनिकात. बाई थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष, आणि थिऑसफी, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य मानणारा गूढवादी पंथ, हा दोघांचा जुना ओढा होता. वर्षही धड झालं नाही तोच एप्रिल १९१६मध्ये डब्लिनला ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. मागाहून ज्यांना गोळ्या घातल्या त्यांत तीन कवी होते. आणि उठावात कुठलाही भाग न घेतलेला, लूटमार थांबवायला रस्त्यावर उतरलेला शांततावादी स्केफिंग्टन, कझिन्सचा सहसंपादक, त्यालाही एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं खटला न चालवता गोळ्या घालायला लावल्या. कझिन्सनं ‘न्यू इंडिया’त उठावाच्या बाजूनं लिहिलं आणि नोकरी गेली. बेझंटबाईंना त्याला काढावं लागलं.

इथं मी थांबून तारखा पाहिल्या. टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली तीही एप्रिल १९१६मध्येच. होमरूल हा शब्दच आयर्लंडहून आलेला. गडहिंग्लजहून बेळगाव हाकेच्या अंतरावर, टिळकांच्या त्या सभेचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण तेव्हाच डब्लिनचं पोस्ट ऑफिस, उठाववाल्यांचं ठाणं, जळत होतं आणि मद्रासेत एक आयरिश कारकून-कवी त्यासाठी नोकरी घालवायच्या बेतात होता, हे तीन धागे मी कधी एकत्र पाहिले नव्हते. अभ्यासक्रमात टिळक इतिहासात असतात आणि आयर्लंड इंग्रजीत.

बेझंटबाईंनी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल कॉलेजात पाठवलं. आज आपल्याला मदनपल्ली माहीत असते ती टोमॅटोच्या भावामुळे, फार तर जे. कृष्णमूर्तींचं जन्मगाव म्हणून. तेव्हा मद्रास इलाख्यातलं लहानसं गाव, नवंकोरं कॉलेज. शिक्षा म्हणून बदली व्हावी अशीच जागा. ज्यांनी तालुक्याच्या गावी नोकरी केलीय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. दोन गोष्टी करता येतात: पुण्या-मुंबईकडे डोळे लावून बसायचं, नाहीतर आहे तिथं जग बोलवायचं. यानं दुसरी केली.

१९१७मध्ये त्याचं ‘न्यू वेज इन इंग्लिश लिटरेचर’ निघालं. त्याची प्रत पाँडिचेरीला पोचली आणि अरविंदबाबूंनी ‘आर्य’ मासिकात त्यावर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता परीक्षण बाजूला राहिलं आणि कवितेच्या भविष्यावरची लेखमाला १९२०पर्यंत चालली. पुढं तिचं ‘द फ्यूचर पोएट्री’ हे पुस्तक झालं. १९१८मध्ये कझिन्सनं भारतीय प्रबोधनावर पुस्तक लिहिलं, तर त्यावरूनही अरविंदबाबूंनी स्वतंत्र निबंध लिहिले. परीक्षण लिहिणाऱ्या कुणालाही हेवा वाटावा असा हा प्रकार. आणि कझिन्सच्या नशिबाचा हाच नमुना आहे: त्याची पुस्तकं गेली, त्यांच्यामुळे दुसऱ्यानं लिहिलेली राहिली.

फेब्रुवारी १९१९मध्ये रवींद्रनाथ मदनपल्लीला कझिन्सच्या कॉलेजात येऊन राहिले. एका संध्याकाळी मुलांपुढं त्यांनी आपलं बंगाली गाणं म्हटलं, ‘जन गण मन’. तिथंच त्यांनी त्याचं इंग्रजी रूप केलं, आणि ग्रेटानं चालीचं स्वरलेखन केलं. व्हॉट्सॲपवर दर २६ जानेवारीला ‘राष्ट्रगीताची चाल एका आयरिश बाईनं लावली’ असा मजकूर फिरतो, तो धरून चालू नका. गाणं रवींद्रनाथांचं, आणि १९११च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ते गायलंही गेलं होतं. ग्रेटा पियानो वाजवणारी, पाश्चात्त्य नोटेशन लिहिता येणारी बाई. तिनं सूर कागदावर पक्के केले. हे काम लहान नाही. गायनाच्या शिक्षकाला विचारा, शंभर मुलांकडून एकसारखं म्हणून घ्यायचं तर लिहिलेले सूर किती उपयोगी पडतात. कॉलेजात ते प्रार्थनेसारखं म्हटलं जाऊ लागलं. जानेवारी १९५०मध्ये ते राष्ट्रगीत ठरलं, आणि त्याच वर्षी हे आत्मचरित्र छापून आलं.

यापुढं पुस्तक ढिलं पडतं, आणि परीक्षणात ते सांगायलाच हवं. १९१९-२०मध्ये तोक्योच्या केइओ विद्यापीठात प्राध्यापकी, मग मद्रासचं अड्यार, म्हैसूर, युरोप, न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज. कोण भेटलं, कुठं व्याख्यान झालं, अध्यक्षस्थानी कोण होतं. गूढविद्येची प्रकरणं मी चाळून सोडली. ज्यांना थिऑसफीत रस आहे त्यांना कदाचित तीच गोड लागतील. या सगळ्या धावपळीत चित्रकलेचं काम मात्र लक्षात राहतं. बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ आणि त्यांच्या शिष्यांची चित्रं हा माणूस गावोगाव दाखवत हिंडला. १९२४मध्ये म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्रालय यानं मांडून दिलं. आपल्याकडचे लोक दसऱ्याला म्हैसूरला जातात, तिथं हळदणकरांची हातात दिवा घेतलेली बाई पाहून येतात. सावंतवाडीच्या या चित्रकाराचं चित्र ज्या भिंतींवर आहे, तिथलं चित्रालय मांडण्यात एका बेलफास्टच्या कवीचा हात होता. १९३५मध्ये त्रिवेंद्रमचं श्री चित्रा कलादालन उभं राहिलं, त्यामागेही तोच. त्रावणकोर सरकारचा तो कलासल्लागार होता. तिथंच त्यानं हिंदू धर्म स्वीकारून जयराम हे नाव घेतलं. यावर त्याचं म्हणणं काय ते वाचावं; मला त्यात भाबडेपणा दिसला, पण लबाडी दिसली नाही.

पुण्याच्या वाचकांसाठी एक खास कारण. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाशी ग्रेटाचा संबंध १९१६पासूनचा, म्हणजे ते सुरू झालं तेव्हापासूनचा. १९२६मध्ये तिनं बायकांच्या शिक्षणाचा विचार करायला देशभरातल्या बायकांनी एकत्र यावं म्हणून पत्रं धाडली, आणि जानेवारी १९२७मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. फर्ग्युसनच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मलाही पुस्तकापूर्वी चिमणाबाईंचं नाव तेवढं ठाऊक होतं, पत्रं कुणी धाडली ते नव्हतं. पुढं १९३२मध्ये सरकारच्या वटहुकमांविरुद्ध बोलल्याबद्दल ग्रेटाला वर्षभर वेल्लोरच्या तुरुंगात ठेवलं. इंग्लंड, आयर्लंड, हिंदुस्थान. तिन्ही ठिकाणचं तुरुंगातलं जेवण या शाकाहारी बाईनं चाखलं. नवरा त्या सुमारास परत मदनपल्लीला, प्राचार्य म्हणून.

त्याच्या शिकवण्याबद्दल माझी तक्रारच आहे. कॉलेजं उभी केल्याचं तो लिहितो, वर्गाबद्दल मात्र हात आखडता घेतो. मदनपल्लीच्या मुलांना वर्डस्वर्थ कसा सांगितला असेल? आंध्रातल्या उन्हात डॅफोडिल म्हणजे काय ते कसं समजावलं असेल? मी तेच गडहिंग्लजला करत होते, मला तेवढ्यासाठी शंभर पानं जास्त चालली असती. त्याऐवजी स्वागतसमारंभ मिळाले. स्वतःच्या कविता मात्र तो अधूनमधून सढळ हातानं देतो.

कुणी घ्यावं? महिला चळवळीचा, थिऑसफीचा किंवा आयरिश-भारतीय संबंधांचा अभ्यास असेल तर डोळे मिटून. राष्ट्रगीताचा तेवढा भाग हवा असेल तर ग्रंथालयात बसून वाचा, विकत घेऊ नका. शिक्षक असाल तर मदनपल्लीपर्यंतचं सलग वाचा, पुढचं चाळा. वाचणारा म्हातारा असेल तर भिंग जवळ ठेवा, आणि पार्सल आलं की उघडायच्या आधी बाइंडरकडे न्या. त्याचे पैसे वेगळे.

ग्रेटाचं शेवटचं दशक पक्षाघातानंतर अंथरुणात गेलं. १९५४मध्ये ती अड्यारला वारली, दोन वर्षांनी तो मदनपल्लीला. दोघं आयर्लंडला राहायला परत गेली नाहीत. हे अर्थात पुस्तकात नाही, पुस्तक १९५०लाच संपतं, आणि नव्या छपाईत एक पान घालून हे सांगावं एवढंही त्या सूर्यास्तवाल्यांना सुचलं नाही.

खरेदी झाल्यावर त्या साइटनं कझिन्सच्या १८९४ ते १९४० या काळातल्या समग्र कवितांची तशीच स्कॅन प्रत सुचवली, त्याच मुखपृष्ठासह. ती मी घेतली नाही.